प्रेसच्या पट्टीवरचा गणपती

मी जात्याच भित्रा. इलेक्ट्रिशियन भित्रा असला की जास्त जगतो, असं मी लोकांना सांगायचो, पण खरं म्हणजे मला आमच्या हायड्रॉलिक प्रेसची भीती वाटायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जालन्याच्या एमआयडीसीत घमेली करणाऱ्या एका कारखान्यात मी कामाला होतो. पत्र्याचा गोल तुकडा खाली ठेवायचा, वरून लोखंडी दट्ट्या उतरायचा, की झालं घमेलं. त्या प्रेसवर ऑपरेटर होते माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. जुन्या प्रेसखाली एका कामगाराची बोटं गेली ती त्यांनी समोर उभं राहून पाहिली होती. तेव्हापासून अक्का मला दारात गाठायची आणि एकच सांगायची, "ह्यांच्या हाताकडं ध्यान ठिव."

मग मालकांनी तो प्रेस मोडीत काढला आणि परदेशात वापरलेला एक दुसरा आणला. आगीतून फुफाट्यात, असं मला वाटलं. ह्या प्रेसला दट्ट्याच्या बाजूनं ॲल्युमिनियमची एक उभी पट्टी होती. पट्टीच्या पोटात बारीक तार आणि दट्ट्याला चुंबक. पट्टीच्या वरच्या टोकातून तारेत विजेचा ठोका सोडला की चुंबकासमोर तार किंचित थरारते आणि तो थरार वर परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून दट्ट्या किती खाली आहे ते यंत्राला कळतं आणि पॅनलवर तसा आकडा दिसतो. दाजींना मी विहिरीचं उदाहरण दिलं. दगड टाकल्यावर आवाज उशिरा आला, की समजायचं पाणी खोल आहे. त्या एका आकड्यावर सगळं चालायचं. दट्ट्यानं कुठं हळू व्हायचं, जागेवरून घसरला तर त्याला परत कधी उचलायचं, सगळं. पुढचं जाळीचं दारसुद्धा दट्ट्या पूर्ण वर असला तरच उघडायचं.

"म्हंजे न दिसणाऱ्या तारेच्या भरवशावर हात घालायचा," दाजी म्हणाले. "जुन्या मशिनीचं निदान डोळ्याला दिसत व्हतं, पाव्हणं."

हे त्यांनी घरी सांगितलं आणि अक्काचं जेवण तुटलं. पुढच्या चतुर्थीला तिनं त्यांना राजूरच्या गणपतीला पिटाळलं. तिथून त्यांनी गणपतीची छोटी मूर्ती आणली, जीपवाले समोर चिकटवतात तसली, बुडाला चुंबक असलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या शेडमध्ये पंपाची मोटर खोलून बसलो होतो, तेव्हा त्यांनी मशिनला हळदकुंकू वाहिलं आणि मूर्ती लावली. ॲल्युमिनियमला ती चिकटेना, म्हणून पट्टीला अगदी लागून असलेल्या लोखंडी पट्ट्यावर, वरच्या टोकाशी लावली.

हातातलं काम संपवून मी प्रेसकडे आलो तर जाळीचं दार उघडं होतं आणि दाजींचा उजवा हात आत होता. पत्रा तिरका सरकला म्हणून त्यांनी दट्ट्या मधेच थांबवला होता. दार उघडलं, तेव्हा यंत्रानंच मुभा दिली असं त्यांना वाटलं. मी पॅनलकडे पाहिलं. आकडा सांगत होता, दट्ट्या पूर्ण वर. दट्ट्या तर त्यांच्या मनगटापासून वीतभर अंतरावर लोंबकळत होता. आणि जुन्या सीलमधून तेल झिरपत असल्यामुळे तो खाली उतरत होता, अगदी सावकाश, आवाज न करता. आकडा जागचा हलत नव्हता, म्हणून यंत्र त्याला उचलून धरत नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली. "दाजी, हात काढा," मी म्हणालो.

"बाही अडकली पत्र्यात," ते म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पाव्हणं, जल्दी."

मी वर न्यायचं बटण दाबलं. काही झालं नाही. यंत्राच्या लेखी दट्ट्या वरच होता, त्याला आणखी वर कशाला न्यायचं? मी बटण दाबतच राहिलो. पट्टीकडे नजर गेली तेव्हा गणपती दिसला, गळ्यात झेंडूचं फूल घातलेला. तार त्याच्या चुंबकापाशी थरारत होती, तोच थरार आधी वर पोचत होता आणि यंत्र त्यालाच दट्ट्या समजत होतं. पाया पडायला सवड नव्हती. एका हातानं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्यानं मूर्ती उपटली. आकडा धाडकन खाली आला. क्षणभर वाटलं, आता हे धूड कुठं जाईल कोण जाणे. दट्ट्या वर गेला.

दाजींनी बाही फाडून हात बाहेर काढला आणि तिथंच खाली बसले. मनगटावर नुसता तेलाचा डाग होता. माझ्या हातातला देव पाहून ते चिडले, "त्याला कामून काढलं?" मूर्ती रुमालात गुंडाळून मी त्यांच्या खिशात घातली.

संध्याकाळी सोबत घरी जाताना मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. घर जवळ आल्यावर ते म्हणाले, "तिला सांगू नका. देवावरला भरोसा उडंल, आन् मंग तिला दुसरं काय हाये?"

अक्कानं तिघांची ताटं वाढली. दाजींनी फाटलेली बाही तिला दिसू नये म्हणून वर दुमडून घेतली होती.

"लावला का गणपती मशिनीला?" तिनं विचारलं.

"लावला."

"बराबर केलं. आता मला बिलकुल घोर न्हाई."

कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवत होती. आम्हा दोघांची भाकरी ताटात तशीच होती, आणि ती हसत हसत वाढतच होती.