एका व्याख्यानाचा अबोला

म्हाताऱ्यांचं मंडळ म्हटलं की किस्से साठतातच. ते विसरायला जावं तर त्यातली माणसंही विसरावी लागतात. म्हणून मी विसरत नाही.

मी मुलाकडे सिंगापूरला, हौगांग भागात राहतो. शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या इमारतीखालच्या हॉलमध्ये महिन्याला एक मराठी व्याख्यान व्हायचं. खुर्च्या मांडणं आणि चहा करणं माझ्याकडे. पहिल्या रांगेत सबनीस आणि देशपांडे. सबनीस रोज पूजा करणारे, देशपांडे देव न मानणारे. शाळेपासूनचे मित्र, बसायचे शेजारीच.

*

एकदा देशपांडेच बोलले. एकोणिसाव्या शतकात एका गावात श्राद्धाविरुद्ध व्याख्यानं झाली आणि ती ऐकणाऱ्यांना गावानं वाळीत टाकलं, असा विषय. शेवटी म्हणाले, "कावळा भुकेपोटी भात खातो. आपला बाप त्यात नसतो!"

सबनीसांनी आदल्याच आठवड्यात वडिलांचं श्राद्ध केलं होतं. ते उठले. "मग मलाही टाक वाळीत!" म्हणाले आणि चहा न घेता गेले.

*

पुढच्या महिन्यात सबनीसांच्या बाजूचे लोक घरून थर्मास घेऊन आले. मंडळाचा चहा बाटला होता म्हणे!

देशपांडे म्हणाले, "बघा, माझं व्याख्यान अजून चालूच आहे!"

थर्मास लवकर संपला. त्यांच्यातल्या एकानं हळूच माझ्यापुढे कप धरला. "शंकरराव, अर्धाच द्या. अर्ध्यानं बाटत नाही."

सगळे हसले. सबनीस हसले नाहीत.

*

दोघं एकाच इमारतीत राहायचे. एकदा लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. सबनीस माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, त्यांचा मजला आला."

देशपांडेही माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्यांना सांगा, मला आकडे वाचता येतात!"

दार बंद झालं. देशपांडे आतच राहिले.

*

मग सबनीसांच्या पत्नी, सुमनवहिनी, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात दाखल झाल्या. सबनीस अंघोळीला घरी गेले की देशपांडे जायचे. वहिनी मला म्हणाल्या, "दोघं ड्युटी लावल्यासारखे येतात हो! एकदा एकत्र येऊ द्या. मला दुसरं काही नको."

मी दोघांना सांगितलं. दोघांचं उत्तर एकच, "आधी त्याला बोलू दे."

मी चहा करणारा माणूस. त्यापुढे काय बोलणार? त्याच आठवड्यात वहिनी गेल्या.

*

दहाव्याला समुद्रकिनारी पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, खाली एकही येईना. सबनीस हात जोडून म्हणाले, "मुलाला जपेन." मग म्हणाले, "तुझी तुळस जपेन." कावळे हलले नाहीत. तिथला सफाईवाला दोनदा सांगून गेला, "अंकल, नो फीडिंग बर्ड्स, लाह!"

वहिनींना काय हवं होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

देशपांडे लांब, पार्किंगपाशी उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते चालत आले, चपला काढल्या आणि पिंडापुढे वाकले. "वहिनी, याला मी एकटं सोडणार नाही."

सबनीस म्हणाले, "तू... तू तर कावळ्याला मानत नाहीस ना रे?"

"कावळ्याशी कोण बोलतंय!" देशपांडे म्हणाले.

सबनीसांनी त्यांचा हात धरला. दोघं तिथेच वाळूत खाली बसले.

पिंडाला कावळा शिवला की नाही, ते आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही.