साडूभाऊंनी मोजलेली पृथ्वी

काठी उभी करून पृथ्वी मोजणारी माणसं जगात दोनच झाली. एक सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा अलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल आणि दुसरे आमचे कॅनडातल्या कॅल्गरीचे साडूभाऊ. मधल्या काळात आणखी कुणी मोजली असेलही, पण त्यांच्यापैकी कुणी मला मार्चच्या थंडीत घरामागच्या लाकडी डेकवर उभं केलं नाही, म्हणून मी त्यांना धरत नाही.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. मूळचे नागपूरचे, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, पण जीव सगळा प्राचीन ग्रीसमध्ये. त्या ग्रीकांबद्दल असं बोलायचे, जणू ती मंडळी धरमपेठेत यांच्या शेजारीच राहत होती. "आपला तो एक म्हणायचा, पृथ्वी पाण्यावर ओंडक्यासारखी तरंगते. शिष्यानं गुरूचं ऐकलंच नाही! म्हणाला, छे, ती ढोलासारखी आहे आणि कशावरच टेकलेली नाही. काय हिंमत, राव!" ज्यानं त्यानं आपला पदार्थ आणायच्या एका पॉटलकला हे त्यांनी ताईंच्या दहीवड्यांच्या पातेल्यात वडा तरंगवून समजावलं. मागे ताटं घेऊन वीस माणसं खोळंबलेली. "काका, कॅन वी ईट नाऊ?" असं एका पोरीनं विचारलं, तर म्हणाले, "थांब बाळ, विश्व तयार होतंय." ग्रीकांच्या एका पंथाचं म्हणणं होतं की ग्रह फिरता फिरता गातात. त्यामुळे बेसमेंटमधून गुणगुण ऐकू यायला लागली, तेव्हा साडूभाऊ आठवडाभर तिथे खुर्ची टाकून तल्लीन होऊन बसले. आठव्या दिवशी घर तापवणारा फर्नेस बंद पडला. बाहेर उणे अठ्ठावीस होतं आणि ताई दोन शाली गुंडाळून समस्त ग्रीकांचा उद्धार करत होत्या.

मग तेलाचे भाव कोसळले. कॅल्गरीत एकेक जण घरी बसू लागला आणि जानेवारीतल्या एका सोमवारी साडूभाऊही खोक्यात चहाचा मग आणि फॅमिलीचा फोटो घेऊन परत आले. रोज चार ठिकाणी अप्लाय करायचे, उत्तर एकाचंही नाही. महिन्याभरानं ताईंचा हिला फोन आला. आवाज रडवेला. "अगं, हे ग्रीकांचं नावच काढत नाहीत. जेवतात, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलनं उपसतात, झोपतात. मला मेले ते ग्रीक परत हवेत गं!"

मला धीरबीर देता येत नाही. चांगलं बोलायला जातो आणि भलतंच बोलून बसतो. म्हणून मी एडमंटनहून फोन लावला आणि आपलं ऑफिसातलं गाऱ्हाणं सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा एक पठ्ठ्या इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून पृथ्वी सपाट आहे म्हणतो, आणि त्याला काय सांगावं ते मला सुचत नाही. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"सांगायचं नाही, राव. मोजायचं."

बेत असा होता. एडमंटन कॅल्गरीच्या जवळजवळ सरळ उत्तरेला. एकाच दिवशी दोन्हीकडे मीटरभर उंचीची काठी उभी करायची आणि सूर्य सगळ्यात वर असताना सावली मोजायची. पृथ्वी सपाट असती तर सावल्या सारख्याच आल्या असत्या. गोल आहे म्हणून उत्तरेकडची लांब. त्या फरकावरून कोन काढायचा आणि मधलं अंतर माहीत असलं की अख्ख्या पृथ्वीचा घेर. "ग्रंथपालाकडे पावलं मोजणारे होते, आपल्याकडे गाडी आहे," म्हणाले. तुटलेल्या शोव्हलचा दांडा कापून त्यांनी दोन काठ्या केल्या आणि एक मला द्यायला तीन तास गाडी हाकत आले. रस्ताही त्यातच मोजून झाला.

ठरलेल्या दिवशी मी बर्फ सारून बरोबर बाराच्या ठोक्याला सावली मोजली, कळवली आणि जेवायला बसलो. पहिल्या घासालाच फोन.

"अहो, मी काल तालीम म्हणून इथली सावली मोजली होती, ती धरली तर पृथ्वी निम्म्याहून लहान आली! किती वाजता मोजलीत?"

"बाराला."

"घड्याळाच्या? गेल्याच रविवारी घड्याळं तासभर पुढे केली ना आपण! त्यात आपण टाइम झोनच्या पश्चिमेला, इथे सूर्य सगळ्यात वर येतो दीड वाजून गेल्यावर!"

"मला भूक लागली होती," मी म्हणालो.

"तुमच्या भुकेनं अर्धी पृथ्वी खाल्ली!" ते ओरडले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते असे ओरडले होते, आणि मागे ताई खदाखदा हसत होत्या. मला तर त्या ओरड्यानं इतकं बरं वाटलं की वरण गार झाल्याचंही काही वाटलं नाही.

पुढचे चार दिवस ढग. पाचव्या दिवशी ऊन पडलं. मी एक वाजल्यापासून डेकवर, दर पाच मिनिटांनी खूण करतोय, नाक गळतंय आणि ही खिडकीतून मोबाइलवर माझे फोटो काढतेय. सगळ्यात आखूड सावली सापडली, आकडा कळवला आणि तसाच उभा राहिलो. पाऊण तासानं फोन आला. "बेचाळीस हजार किलोमीटर! खरा आकडा चाळीस! शोव्हलच्या दांड्यानं, राव, शोव्हलच्या दांड्यानं!" आणि मग हा बावन्न वर्षांचा माणूस फोनवर हमसून हमसून रडला. मीही रडलो, उगाच कशाला लपवू? ऑफिसातल्या त्या पठ्ठ्यानं काठीच वाकडी ठरवली, पण मरू दे त्याला.

मे महिन्यात दूर पूर्वेकडच्या मिसिसागा शहरातल्या एका कंपनीनं व्हिडिओवर इंटरव्ह्यू घेतला. समोरच्या बाईंनी विचारलं, "आय सी अ गॅप हिअर. व्हॉट हॅव यू बीन डूइंग?" दाराआड ताईंनी श्वास रोखला. साडूभाऊ ताठ बसले आणि म्हणाले, "मॅडम, आय मेझर्ड द अर्थ." वीस मिनिटांचा इंटरव्ह्यू सव्वा तास चालला. नोकरी मिळाली.

निघायच्या दिवशी आम्ही त्यांना कॅल्गरीच्या विमानतळावर सोडायला गेलो. सामान आत गेल्यावर साडूभाऊंनी मला बाजूला घेतलं. "नोकरी गेली तेव्हा सगळ्यांनी मला धीर दिला," ते म्हणाले. "काम फक्त तुम्ही दिलंत." मी नेहमीप्रमाणे भलतंच बोललो, "जेवून निघालात ना?" आता त्यांचं तिकडे छान चाललंय, कामाच्या रगाड्यात फोनही क्वचितच येतो. यावा असं मला मात्र रोज वाटतं.