एक अख्खा शर्ट

आमच्या ताईला कारखान्यात सगळे ‘कॉलरवाली’ म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही, माझ्या मात्र डोक्यात जातं. चौदा वर्षं झाली, तिच्या मशीनवर फक्त कॉलरींचं बंडल येतं. शिवायच्या, पुढे सरकवायच्या, की दुसरं बंडल हजर! मी तिच्या मागच्या रांगेत बाहीच्या कफाजवळच्या चिरेला पट्टी बसवते. आमच्याकडून दिवसाला हजार शर्ट बाहेर पडतात आणि आमच्यातल्या एकीलाही अख्खा शर्ट शिवता येत नाही. आता सांगा, हसायचं की रडायचं?

यंदा वरच्या ऑफिसातून नवीन टूम निघाली. प्रत्येकीने आपलं वर्षाचं ध्येय कागदावर लिहून द्यायचं. बायकांनी पटापट आकडे टाकले, तासाला साठ, तासाला सत्तर. ताईने दोन दिवस कागद अडवून ठेवला आणि लिहिलं, ‘एक अख्खा शर्ट एकटीने शिवणे.’

सुपरवायझर कागद नाचवत आला. “बाई, हे काय? तासाला एक?”

“तासाला नाही,” ताई म्हणाली. “जन्मात एक.”

सगळ्या खिदळल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण ती गंमत करत नव्हती. सॅम्पल रूममध्ये एक जागा सुटणार होती. तिथे एकच माणूस कापडापासून बटणापर्यंत पूर्ण शर्ट करतो. तिथल्या मास्तरांनी तिला सांगितलं होतं, महिनाअखेरीच्या सोमवारी स्वतः शिवलेला शर्ट आणून दाखव, मग बोलू.

हातात चार रविवार होते. तिने जेवणाच्या टेबलावर मशीन मांडलं. भावजी ताट मांडीवर घेऊन जेवायला लागले आणि पुटपुटायला लागले, “बसल्या जागी हातात बसलेलं काम आहे, कशाला जिवाला घोर लावून घेतेस?” ती चौथ्यांदा खांदा उसवत होती. खिसा तिरका गेला, तोही उसवला. एकदा वैतागून कात्री आपटली, आणि घटकाभराने स्वतःच उचलून आणली. बाही आली तशी मी ऐटीत शेजारी जाऊन बसले. “सरक, हे माझं राज्य. अकरा वर्षं डोळे मिटून पट्टी बसवतेय.” तिला अक्षरशः हात धरून शिकवलं. घालून बघायला त्या मापाचं घरात कोणी नव्हतं. भावजींच्या तर पोटावर बटणंच लागली नसती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी शर्ट पुतळ्यावर चढवला. कॉलरीवरून बोट फिरवून “वा!” म्हणाले. खांदे बघितले, खिसा बघितला, मान डोलावली. ताईने माझा हात घट्ट धरला होता. मग मास्तरांनी दोन्ही कफ हातात घेऊन उलटसुलट करून बघितले.

“दोन्ही बाह्या डाव्या केल्यास की गं.”

उजव्या हाताची चीर मागे यायची ती पुढे आली होती. डाव्या बाह्यांचं बंडल माझ्याकडे येतं, उजव्यांचं पलीकडच्या रांगेत जातं. अकरा वर्षांत उजवी बाही माझ्या हाताखालून गेलेलीच नाही! मला दोन्ही बरोबर दिसल्या, कारण मला डावीच तेवढी ठाऊक.

मास्तर माणूस वाईट नाहीत. “हात चांगला आहे तुझा. पुढच्या वेळी बघू,” म्हणाले. पुढची वेळ म्हणजे कधी? याआधीची जागा नऊ वर्षांपूर्वी सुटली होती. ही तर आठवडाभरात दुसऱ्या कोणाला जाणार होती.

जिन्यात माझा नुसता तळतळाट चालला होता. मास्तरांवर, त्या बंडलांवर, सगळ्यांवर. शेवटी म्हटलं, “ताई, माती मी खाल्ली. दे हव्या तेवढ्या शिव्या.”

तिने शर्टाची नीट घडी घातली. शिव्या काही दिल्या नाहीत.

“उजव्या बाह्या तुझ्यापासून दहा पावलांवर शिवतात ना?” तिने विचारलं.

“हो.”

“अकरा वर्षं. एकदाही उठून बघावंसं वाटलं नाही तुला?”

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नाही गं,” मी म्हणाले.