धूळ न लागलेला विजय

परवा उस्मानपुऱ्यातल्या घरी लेक पुस्तकातून वाचून दाखवत होती. "आई, ग्रीक लोक विजयाला नीके म्हणायचे. पण समोरचा मल्ल आलाच नाही, तर त्या जिंकण्याला वेगळा शब्द होता, अकोनिती. म्हणजे धूळ न लागता."

मला एकदम ताक-हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास आला. कन्नडजवळच्या जत्रेतला आखाडा, मी सोळा वर्षांची. सिल्लोडची पोरगी कुस्तीला आलीच नव्हती. पंचांनी माझा हात वर करून फेटा पुढं केला.

"मी नाय घेणार," मी म्हणाले. "अंगाला माती तरी लागू द्या."

माझे वडीलच माझे वस्ताद. ते ओरडले, "पोरी, घे की! जिंकलीस ना?"

"न लढताच, आबा?"

तेवढ्यात गर्दीतून ऊसतोडणीची एक धिप्पाड बाई आली. तिनं कासोटा आवळला आणि दोन मिनिटांत मला चितपट केलं. माती दातांत करकरली. फेटा तिच्या डोक्यावर बसला. मी घरापर्यंत रडले.

पुढं मीही लई कुस्त्या मारल्या. आठवते ती हीच.

लेकीला म्हटलं, "तुझ्या ग्रीकांना सांग, माझ्या पाठीची माती मी अजून झटकलेली नाय."