व्हय म्हाराजा, पण हळू

भांडुपला टेंभीपाड्याच्या चढावर गुणाजी परबांनी चहा मागितला की खालच्या किराणा दुकानात कळायचं. "गो, चाय टाक गो!" अशी हाक घुमली की दुकानातला भाऊराव तिथूनच ओरडायचा, "वहिनी, माझा पण अर्धा!"

दोष त्यांच्या घशाचा नव्हता. पंचवीस वर्षं परळच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेली. शेकडो साचे एकदम खडखडायला लागले की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात बोंब ठोकावी लागे. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण आवाज काही खाली उतरला नाही. उलट चाळीत त्याला मान मिळाला. कुणाची नवी रिक्षा येवो की कुणाचं लग्न ठरो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते गुणाजींनीच. त्यांनी मागायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवाला ऐकू गेलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

तर असे हे गुणाजी जूनमध्ये आजोबा झाले, आणि तेही तीन महिने आधीच. सून अक्षताला ऑफिसात बसल्या बसल्या कळा सुरू झाल्या. सव्विसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन आठशे वीस ग्रॅम. मुलुंडच्या हॉस्पिटलात, लहान बाळांच्या आयसीयूत, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई नितेशला, म्हणजे गुणाजींच्या मुलाला, एवढंच म्हणाल्या, "आत्ता काहीच सांगता येणार नाही. एकेक दिवस बघायचा."

तिसऱ्या दिवशी गुणाजींना दोन मिनिटं आत सोडलं. हात धुतले, गाऊन चढवला, पेटीजवळ गेले. पोरीचा पाय त्यांच्या करंगळीपेक्षा बारीक. नाकातोंडात नळ्या. अशा वेळी जे करायचं ते त्यांना एकच ठाऊक. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाऽऽराजाऽऽ!"

अरे बापरे! सहा पेट्यांतली सहा बाळं दचकली. सगळी मशीनं एकदम किंचाळायला लागली. नंदा सिस्टर धावत आल्या.

"आजोबा, बाहेर! आधी बाहेर व्हा!"

"अवो, पण गाऱ्हाणा अर्धाच रवला..."

"बाहेर!"

बाहेर आणून त्यांनी गुणाजींना असं झापलं, असं झापलं की काही विचारू नका. "पोटात असायची बाळं आहेत ही. आवाज म्हणजे मार आहे त्यांना, मार! परत आत पाय ठेवायचा नाही."

गुणाजी बाकड्यावर बसले ते बसलेच. आपल्या हातून नातीचं काही बरंवाईट झालं असतं, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. दोन दिवस चहाची हाक आली नाही म्हणून भाऊराव वर येऊन बघून गेला.

पोरगी मात्र चिवट निघाली. पाच आठवड्यांत श्वासाच्या मोठ्या मशीनवरून उतरली, अकराशे ग्रॅमची झाली. आता तिला रोज तासभर कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचं होतं, अंगाला अंग लावून. त्यानं बाळ ऊब धरतं, श्वास नीट घेतं. पहिले काही दिवस अक्षतानं ठेवलं, मग नितेशनं. आणि नेमका दोघांना एकदमच ताप-खोकला झाला. वाट लागली! दोघांनाही दार बंद. गुणाजींच्या बायकोची, जानकीआजीची, कंबर अशी, की पाव तास एका जागी बसवत नाही.

"घरात अजून कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं.

"बाबा आहेत," नितेश चाचरत म्हणाला, "पण..."

दुसऱ्या दिवशी गुणाजी नंदा सिस्टरांपुढे उभे. "हळू बोलेन," ते म्हणाले, आणि जिन्यातल्या वॉचमननं मागे वळून बघितलं.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "उद्या या. जमलं तरच आत."

घरी येऊन गुणाजी ओट्यापाशी उभे राहिले. "गो, हळू म्हंजे कसा बोलतत?"

"माका कित्याक इचारतास?" जानकी म्हणाली. "मी चाळीस वर्सां नुसता आयकतंय, बोलूक गावला खय माका?" पण मग तिलाच दया आली. तिनं त्यांचा हात त्यांच्याच गळ्यावर ठेवला. "गळो थरथरलो तर चुकला समजा. नुसतो वारो सोडायचो."

संध्याकाळभर दोघं समोरासमोर बसून वारा सोडत होती. एकदा जानकीला असं हसू फुटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी गुणाजी पास झाले. आंघोळ करून, नखं कापून, छाती उघडी टाकून ते आरामखुर्चीत रेलले. नंदा सिस्टरांनी वायरींसकट पोरीला त्यांच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांत ठेवलं आणि वरून दुपटं घातलं. वजन कळलंच नाही, फक्त ऊब कळली. गुणाजींनी तिच्या पाठीवर नजर लावली. पाठ वर, खाली. वर, खाली.

आणि थांबली.

मशीन वाजायला लागलं. सिस्टर दोन ढांगांत आल्या. "श्वास विसरते ती. तळवा चोळा. बोला तिच्याशी!"

गळ्याशी आलेली बोंब गुणाजींनी कशी गिळली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. एका हाताचं बोट इवल्या तळव्यावर, दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर. आणि नुसत्या वाऱ्यात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा... ही तुझीच पोर आसा... काय चूकभूल झाली आसात ती माझ्या पदरात घाल... तिका श्वास घेवक लाव रे म्हाराजा..."

"व्हय" म्हणायला कुणी नव्हतं. सिस्टरांचे डोळे आकड्यांवर, हात नळीवर. पोरीला एक हिसका बसला. मग पाठ वर आली. आकडे चढायला लागले. गुणाजींच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, आणि गळा जरासुद्धा थरथरला नाही.

"थांबलात कशाला?" सिस्टर मशीनकडे बघतच म्हणाल्या. "चालू ठेवा."

मग नितेश-अक्षताचा खोकला बरा होईपर्यंत रोज तासभर गुणाजी तिथेच. कधी गाऱ्हाणं, कधी गावच्या गजाली.

ऑगस्टच्या शेवटी एकोणीसशे ग्रॅमची पोरगी घरी आली. जानकीनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. अख्खी चाळ दारात जमली. भाऊराव नारळ घेऊन पुढे आला. "चला गुणाजी, तीन महिने ऐकलं नाही. होऊन जाऊ दे झकास!" चाळीतल्या पोरांनी सवयीनं कानांवर हात ठेवले.

अक्षताच्या कुशीत पोर गाढ झोपली होती. गुणाजींनी तिच्याकडे बघितलं आणि हात गळ्यावर नेला. "बा देवा म्हाराजा..."

मागच्यांना काही ऐकूच येईना. माणसं पुढे सरकली, एकमेकांना चिकटली. कुणीतरी घरातला टीव्ही बंद केला. "...जशी हयसर आणलस, तशीच पुढे सांभाळ रे म्हाराजा."

आणि जन्मात कधी हळू न बोललेली ती तीस-चाळीस माणसं नुसत्या वाऱ्यात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पोरगी हलली नाही. गुणाजींनी वाकून तिची पाठ वरखाली होते ना ते बघितलं, आणि नारळ फोडायला पार खाली, नळापलीकडे गेले.