मागून नेसलेली साडी

कोल्हापुरात कुणाला विचारून बघा, वापरलेली साडी नेसशील का म्हणून. अंगावर पाल पडल्यासारखं तोंड करील. तरीही माझं दुकान जोरात चालतं. लग्नात एकदा मिरवलेले शालू, पैठण्या बायका माझ्याकडे आणून ठेवतात. विकल्या गेल्या की त्यांचा वाटा त्यांना, माझा मला. घ्यायला येणाऱ्या येताना नव्या साड्यांच्या दुकानाची पिशवी बरोबर घेऊन येतात, म्हणजे घरी जाताना शोभून दिसतं.

एक नियम मी कडक पाळते. ज्या गावची साडी, त्या गावात विकायची नाही. शिरोळची राधानगरीला जाते, राधानगरीची शिरोळला. म्हणून गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, "लग्न कुठल्या गावात?" रंग नंतर.

तो नियम मीच मोडला, तोही हौसेपायी. इथल्याच एका सुनेनं सासूनं दिलेली पैठणी तिच्या मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत म्हणून आणून ठेवली होती. मोरपंखी. "सासूबाईंना कळलं तर मला घरात तोंड दाखवता येणार नाही," असं ती दोनदा म्हणाली. साडी इतकी देखणी, की तिचे पैसे देऊन मीच ठेवून घेतली. आणि माझ्या मुलीच्या सासरकडच्या लग्नाला वारणानगरला नेसून गेले. कोल्हापूरचं कोण येतंय तिथं, असं मला वाटलं. आपल्याकडे सगळे सगळ्यांचे पाहुणे असतात, हे मी विसरले.

मांडवात विहीणबाईंशी बोलत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी पदर धरला. एक म्हातारी. पदराच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होती.

"ही साडी कुठनं घेतलासा?" आवाज खणखणीत. "हे रफू माझ्या हातचं हाय. उदबत्तीनं जळलंतं. धागा जुळला न्हवता बघा, हिरवा हाय."

तिच्या मागे ती सून उभी होती. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे अशी बघत होती की मला दुसरं काही सुचेना.

"तुमच्या सूनबाईंकडनं मागून आणली," मी म्हणाले. "लग्नापुरती. माझ्याकडे नेसण्यासारखी नव्हती."

म्हातारीचा राग लगेच उतरला. उलट तिला माझी दया आली, आणि ती दयाही तेवढ्याच मोठ्यानं आली. "असूंदे, असूंदे. लाजायचं काय त्यात? माझ्याकडं बी हायेत की. कवाबी या." आजूबाजूच्या बायका जेवता जेवता माझ्याकडे वळून बघू लागल्या. विहीणबाईही माझ्या पदराकडे बघत होत्या. ती पैठणी मला अंगावरून ओरबाडून काढावीशी वाटत होती.

दुसऱ्याच दिवशी मी ती सुनेला परत दिली. ती दुकानात बसून रडली, देवासारख्या धावून आलात म्हणाली. मी मान हलवली. ऐकायला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

पण विहीणबाईंना माझं साड्यांचं दुकान आहे एवढंच ठाऊक होतं. साड्या वापरलेल्या असतात, हे मुलीनं आणि मी तिच्या लग्नाआधी ठरवून सांगितलं नव्हतं. साड्यांचं दुकान असलेली बाई साडी मागून नेसते, म्हणजे दुकान बुडालंय, असा त्यांनी अर्थ काढला. त्यात त्यांचं काय चुकलं?

संक्रांतीला त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. बाकीच्यांना वाण म्हणून स्टीलच्या डब्या. माझ्या ओटीत मात्र सगळ्यांदेखत नवी कोरी साडी. मुलीची आई मी. मी त्यांना द्यायचं, तर त्याच मला देत होत्या.

"पुढच्या कार्याला हीच नेसा," त्या हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाल्या. "कुणाकडे मागायला नको."

मुलगी हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती.

तिथं ती सून नव्हती, म्हातारी नव्हती. कुणाचं घर वाचवायचं नव्हतं. माझं दुकान छान चालतं, मी वापरलेल्या साड्या विकते, एवढंच सांगायचं होतं. त्यानं त्या सुनेचं काहीच बिघडलं नसतं.

मी साडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा रंग मला फार आवडतो."