अडलेल्या माणसाशेजारी बसणारी

शुभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मेथीची जुडी ओली आहे म्हणून भाजीवाल्याशी वाद घालत होते. फोन आनंदचा होता, तिच्या नवऱ्याचा. ‘नीला, शुभाला ऑफिसातच अटॅक आला... अंधेरीला. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं सगळं.’ मी ‘बरं’ म्हणाले. माणूस ‘बरं’ काय म्हणतो अशा वेळी? पण मी म्हणाले खरं. तीच ओली जुडी घेऊन घरी आले, पेपर पसरून निवडायला बसले, आणि अर्धी निवडून झाल्यावर एकदम हात चालेनात. आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, काळ हेच औषध. दुःखाचं मी बघून घेईन हो, पण सोबत जो राग आलाय तो कुठे नेऊन ठेवू, ते मला कळत नाही. हा लेख लिहायला बसले ती त्यासाठीच.

घाटकोपरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी बोलायची, ती ऐकायची. सगळ्या मैत्रिणी तिच्याकडे रडायला जायच्या, कारण ती मध्ये ‘अगं, असं कर ना’ म्हणायची नाही. पुढे मी शाळेत गणित शिकवायला लागले, आणि तिने मात्र गप्प बसण्याचाच धंदा केला. अंधेरीच्या एका कंपनीत ती लोकांना नव्या वेबसाइट वापरायला बसवायची. एक काम द्यायचं, बिल भरा, तिकीट काढा, आणि मग शेजारी, किंचित मागे, खुर्ची टाकून बघत राहायचं की माणूस कुठे अडतो. ह्याला युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. मी तिला विचारलं होतं, ‘म्हणजे तू माणसांची परीक्षा घेतेस आणि त्याचा पगार घेतेस?’ तर म्हणाली, ‘परीक्षा साइटची गं. माणूस नापास होतच नाही.’ गणिताच्या बाईला हे पचायला जड गेलं, हे काय सांगायला हवं?

आमच्या भागात एक जुनं वाचनालय आहे, शुभा आणि मी दोघी तिथल्या सभासद. त्याच्या कार्यवाहांना, आपण त्यांना सबनीस म्हणू, एक कल्पना सुचली. वाचनालयाची नवी वेबसाइट करायची, सभासदांनी घरबसल्या पुस्तक मागवायचं, पुस्तक दारात येणार. मग देवघेवीचं काउंटर बंद करायचं आणि त्या जागेत अभ्यासिका वाढवायची. सबनीस वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. पोरांना घरात अभ्यासाला जागा नसते हे त्यांना दिसत होतं, आणि ते खरंच होतं. पण देवघेवीला रोज संध्याकाळी जी म्हातारी मंडळी येतात, ती काय फक्त पुस्तकाला येतात? शुभाने कार्यकारिणीला सांगितलं, ‘साइट सुरू करण्याआधी मला सभासदांबरोबर बसू द्या. त्यांना जमलं तर काउंटर खुशाल बंद करा.’ फुकटात काम होतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार.

मग आमचे रविवार सुरू झाले. मागच्या खोलीत जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे सरकवून एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि चित्रण करायला स्टँडवर माझा मोबाइल. पहिल्याच रविवारी माझी हकालपट्टी झाली. एक आजोबा चुकीच्या जागी बोट फिरवत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अहो वर, वर, उजवीकडे.’ आयुष्य फळ्यासमोर गेलं, समोरचा अडला की उत्तर आपसूक बाहेर पडतं. शुभाने तेव्हा काही म्हटलं नाही. आजोबा गेल्यावर म्हणाली, ‘नीले, तू उद्या त्यांच्या घरी असणारेस का, वर वर म्हणायला?’ तेव्हापासून प्रत्येक माणूस आला की ती मला आधी चहाला पिटाळायची. मी येईस्तोवर त्यांच्याशी काहीबाही बोलून घ्यायची, मग मी चहा देऊन मोबाइल चालू करायची आणि कपाटाजवळच्या स्टुलावर तोंडाला कुलूप लावून बसायची. तुम्हाला सांगते, एखादा माणूस अडलेला बघत गप्प बसणं ह्याच्याइतकं कठीण काम मी केलेलं नाही. आपल्याकडे रस्ता विचारला तर माहीत नसणारासुद्धा सांगतो, तिथे ही बाई हात मांडीवर ठेवून शांत.

आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी साइटचं कौतुक केलं. अडला तोही ‘छान आहे’, पुस्तक मिळालं नाही तोही ‘छान आहे, माझीच सवय नाही’. मी खूश. शुभाचं तोंड मात्र उतरत चाललेलं. मग परबकाकू आल्या. बैठ्या चाळीत राहणाऱ्या, यजमान एकेकाळी गिरणीत होते, आता बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेले. रोज संध्याकाळी शेजारणीला बसवून काकू अर्धा तास देवघेवीला यायच्या, तेवढंच काय ते त्यांचं बाहेर पडणं. कादंबऱ्यांचा फडशा पाडायच्या. शुभाने त्यांना काम दिलं, ‘काकू, तुम्हाला हवं ते पुस्तक शोधा आणि घरी मागवा.’ काकूंनी झकास शोधलं, माझ्यापेक्षा लवकर. ‘मागवा’ वर दाबलं. आणि साइटने विचारलं, मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.

काकू थांबल्या. त्यांनी पिशवीतून आपला छोटा फोन काढला, बघितला, परत ठेवला. पुन्हा काढला. पडद्याकडे बघत बसल्या... मला वाटलं ह्यांना ओटीपी कळला नाही. मी जीभ चावून बसले होते. मग काकू हसल्या आणि आपल्या मालवणीत म्हणाल्या, ‘बरी आसा गो साइट. ह्या मी मगे घराकडे करतंय.’ शुभा पुढे काही थोडं बोलली, दोघी जरा बसल्या, मग काकू चहा संपवून गेल्या. गेल्यावर शुभा म्हणाली, ‘ओटीपी मुलाच्या मोबाइलवर गेलाय. सभासद होताना त्याचा नंबर दिलाय. तो आज रविवारचाही कामावर आहे, आणि एका कादंबरीसाठी काकू त्याला फोन करणार नाहीत. मरतील पण करणार नाहीत.’ मग आम्ही सभासदांचे अर्ज काढून बघितले. वाट लागली होती. म्हाताऱ्या माणसांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे मुलाचा, सुनेचा, नाहीतर जावयाचा नंबर. का? तर वाचनालयाचा मेसेज आला तर आपल्याला इंग्रजीबिंग्रजी कळायचं नाही, पोरगा बघेल. कोणी सक्ती केली नव्हती. आपणच प्रेमाने पोरांच्या हाती किल्ली दिली, आणि आता कपाट उघडायला त्यांना हाक मारायची लाज वाटते.

शुभाने हे कार्यकारिणीला सांगितलं, कोणाचंही नाव न घेता. सबनीस म्हणाले, ‘पण शुभाताई, सगळे छान म्हणाले ना?’ ती म्हणाली, ‘लग्नात जेवून हात धुताना यजमानाने विचारलं तर आपण काय म्हणतो सबनीस?’ सगळे हसले, विषय पुढच्या बैठकीवर गेला. बाहेर पडल्यावर माझं डोकं सणकलं होतं. मी म्हटलं, ‘तू भांडत का नाहीस गं? टेबलावर हात आपट ना.’ तर म्हणाली, ‘पुढच्या बैठकीला त्यांनाच साइटवर बसवते. बघशील.’ ती माझी तिची शेवटची भेट. पुढची बैठक व्हायच्या आत ती गेली.

वाचनालयाने शोकसभा ठेवली. फोटोला हार, पहिल्या रांगेत आनंद, सभागृह भरलेलं. सबनीस बोलायला उभे राहिले आणि खरोखर रडले. मग म्हणाले, शुभाताईंचं अपुरं काम आम्ही पूर्ण करतोय. नवी साइट त्यांच्या स्मृतीला अर्पण, आणि येत्या एक तारखेपासून देवघेवीचं काउंटर बंद. वाचकांनी साइट कशी स्वीकारली ते ताईंच्याच चित्रणात बघा. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर तिने अहवालासाठी ठेवलेली ती चित्रणं कोणीतरी कापून जोडली होती. पडद्यावर आजोबा, ‘छान आहे.’ देशपांडेबाई, ‘फार सोपी.’ आणि शेवटी परबकाकू, ‘बरी आसा गो साइट.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत परबकाकू बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या... ज्या काउंटरवर ह्या बाईचा दिवसाचा एकुलता एक अर्धा तास जात होता, ते बंद होण्याच्या टाळ्या.

माझं डोकं फिरलं. मी उठले, व्यासपीठाजवळ गेले, आणि म्हटलं, ‘सबनीस, माझ्या मोबाइलमध्ये हे अख्खं आहे. आता अख्खं दाखवा.’ ते गोंधळले, पण शोकसभेत बाईमाणसाशी कोण वाद घालणार. मोबाइल जोडला गेला. काकूंचं चित्रण सुरुवातीपासून चाललं. पुस्तक सापडलं, साइटने ओटीपी मागितला, आणि काकूंचा हात पिशवीकडे गेला. फोन बाहेर, फोन आत. सगळं सभागृह त्या हाताकडे बघत होतं. चुळबूळ सुरू झाली. मागून कोणीतरी पुटपुटलं, ‘मुलाला लावा ना फोन काकू.’ आणि तिसऱ्या रांगेतल्या परबकाकू, पडद्यावरच्या नव्हेत, खऱ्या, हळूच म्हणाल्या, ‘त्याका कित्याक त्रास.’ सबनीसांनी स्वतःच पुढे होऊन चित्रण थांबवलं. माणूस वाईट नाही म्हटलं ना मी. त्याच आठवड्यात कार्यकारिणीने ठराव बदलला, देवघेव चालू राहणार. मला लोकांचे फोन आले, नीलाताई, काम केलंत. मलाही वाटलं, शुभा असती तर खूश झाली असती.

देवघेव चालू आहे. परबकाकू येत नाहीत. एक दिवस, दोन दिवस, आठवडा झाला. यजमानांचं बरंवाईट झालं की काय म्हणून मी एक कादंबरी घेऊन त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. काका आतल्या खाटेवर झोपले होते, जसे असतात तसे. पण काकू आत ये म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘शुभान माका सांगितल्यान होता, ह्या कोणाक दाखवूचंय नाय. चाय येवच्या आधीच सांगितल्यान. आणि तुया सगळ्या गावाक दाखवलंस. झील माझो तकडे मागे उभो होतो.’ त्यांचा मुलगा सभागृहात होता, हे मला कुठे माहीत होतं. मी चहा आणायला जायचे तेव्हा शुभा लोकांशी काय बोलायची, ते मी कधी विचारलंच नव्हतं. ‘त्या दिवसापासून तो रोज इचारता, आये, पुस्तक होया काय? ऑफिसातसून फोन करून इचारता.’ काकूंचे डोळे भरले. ‘माका काय पोराक लाज आणूची होती?’

मी काय सांगणार होते? काउंटर वाचलं असं? सबनीसांनी आधी दाखवलं असं? सगळी उत्तरं तयार होती माझ्याकडे. ती गिळून मी चप्पल न काढता दारातच उभी राहिले. काकूही उभ्या राहिल्या. आत काकांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग काकू म्हणाल्या, ‘त्या फोनात तिचो आवाज आसा काय गो?’ मी म्हटलं, आहे. सभागृहात तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. ‘माका माझा त्वांड बघूचा नाय. तिचो आवाज तेवढो लाव.’ मी मोबाइल पालथा धरला आणि चित्रण थांबलं होतं तिथून पुढे सोडलं. काकूंचं हसणं आलं, मगे घराकडे करतंय, आणि मग शुभा, अगदी जवळून, कसलीही घाई नसल्यासारखी: ‘राहू दे काकू. तुमचं काही चुकलेलं नाही. आपण जरा अशाच बसूया.’ आणि त्यानंतर चित्रणात कोणीच बोलत नाही, खोलीतला पंखा तेवढा ऐकू येतो. तो संपेपर्यंत आम्ही दोघी दारात उभ्या होतो, आणि संपल्यावर काकू आत सरकल्या, मला यायला वाट द्यायला.